सातपुड्याच्या रानवाटांवर एक दिवस : खान्देशातील जंगल सफारी

खान्देश म्हटले की केळीच्या बागा, कापसाची शेते आणि अंग भाजून काढणारे ऊन एवढेच चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यासमोर उभे राहते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात देशभर पोहोचतात. परंतु या तापलेल्या सपाटीच्या दोन्ही अंगांना रान आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, अशा दोन हिरव्या काठांमध्ये तापी-गिरणेचे खोरे पसरलेले आहे. या दोन्ही काठांवर शासनाने संरक्षित केलेली जंगले आहेत आणि जळगाव वा धुळ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतकी ती जवळ आहेत.

ताडोबा किंवा मेळघाटासारखा गाजावाजा या जंगलांच्या वाट्याला आलेला नाही. येथे जीपगाड्यांच्या रांगा लागत नाहीत आणि वाघ दिसण्याची हमीही कोणी देत नाही. मात्र जंगल म्हणजे काय, ते कसे पाहावे आणि ते टिकणे आपल्यासाठी का गरजेचे आहे, हे समजून घेण्यासाठी एक दिवस काढणाऱ्याला ही राने भरभरून देतात.

शिकारीपासून सफारीपर्यंत

खान्देशातील जंगलभ्रमंतीचा इतिहास बंदुकीपासून सुरू होतो. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्लांनी ब्रिटिश सत्तेला दीर्घकाळ दाद दिली नाही. अखेर १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे खान्देश भिल्ल पलटण उभारण्याचे काम सोपविण्यात आले. धरणगाव हे तिचे ठाणे. औट्रमने भिल्लांचा विश्वास संपादन केला तो बऱ्याच अंशी शिकारीच्या निमित्ताने. त्यांच्यासोबत तो रानोमाळ हिंडला, पायी वाघांच्या मागावर गेला. त्याच्या खान्देशातील सुमारे दहा वर्षांच्या मुक्कामात शंभराहून अधिक वाघ मारले गेले. एका अधिकाऱ्याच्या आसपास एवढे वाघ मारले जाऊ शकत होते, यावरून त्या काळच्या रानाची कल्पना येते. चाळीसगाव आणि कन्नड यांना जोडणाऱ्या घाटाला पुढे त्याचेच नाव मिळाले आणि आज ते ‘गौताळा-औट्रमघाट अभयारण्य’ या नावात टिकून आहे. वाघ मारणाऱ्या माणसाचे नाव वन्यजीवांच्या आश्रयस्थानाला लाभावे, हा इतिहासाचा एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल.

शिकारीचा हा काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कायद्यापुरता तरी संपला. त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, यावल अभयारण्य घोषित झाले होते. पुढे १९८६ मध्ये अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्ये अस्तित्वात आली. अलीकडच्या काळात मुक्ताईनगर तालुक्यातील वनक्षेत्राला ‘मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र’ असा दर्जा मिळाला. खान्देशातील एक दिवसाची सफारी प्रामुख्याने या चार ठिकाणांभोवती फिरते.

पाल : यावल अभयारण्याचे दार

रावेर तालुक्यातील पाल हे सातपुड्याच्या कुशीतील गाव यावल अभयारण्याचे प्रवेशद्वार मानले जाते. जळगावहून भुसावळ, सावदामार्गे हे अंतर सुमारे ७० ते ७५ किलोमीटर भरते. सावद्याच्या केळीच्या बागा मागे पडल्या की रस्ता चढू लागतो, हवेत फरक जाणवतो आणि दोन्ही बाजूंना सागाची झाडे सुरू होतात. थंड हवेमुळे पालला खान्देशचे महाबळेश्वर असेही कौतुकाने म्हटले जाते. वनकर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारे विद्यालय, कृषी विज्ञान केंद्र आणि हरिण पैदास केंद्र यांमुळे हे लहानसे गाव जिल्ह्याबाहेरही ओळखीचे आहे.

सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य रावेर आणि यावल या दोन तालुक्यांत, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून पसरले आहे. सुकी आणि अनेर या नद्यांचे पाणलोट क्षेत्र येथेच आहे. पालहून पश्चिमेकडे लंगडा आंबा, गाडऱ्या, जामन्या या पाड्यांच्या दिशेने जाणारे वनरस्ते म्हणजे या जंगलाचा गाभा. पालजवळच सुकी नदीवरील गारबर्डी धरण आहे. पावसाळ्यात ते भरून सांडव्यावरून वाहू लागले की तालुक्यातील लोकांची तेथे रीघ लागते.

हे जंगल शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, सालई, धावडा, खैर, तिवस, तेंदू, मोह, चारोळी आणि बांबू ही येथील मुख्य झाडे. त्यातही अंजन हा खान्देशाचा खास वृक्ष. जोडपानांचा, उंच वाढणारा आणि पातळ, खडकाळ मातीतही तग धरणारा. त्याची कोवळी पालवी तांबूस असते. कागदासारखी साल सोलवटत जाणारी सालई उतारांवर उभी दिसते. पानगळीनंतर पळस फुलतो, तेव्हा एरवी करडे वाटणारे डोंगर केशरी ठिपक्यांनी भरून जातात.

बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा, रानकुत्रे, सांबर, चितळ, भेकर, रोही म्हणजेच नीलगाय, चिंकारा, रानडुक्कर आणि उडती खार हे येथील प्राणी. यांतील बहुतेक निशाचर किंवा लाजाळू असल्याने ते लगेच समोर येत नाहीत. म्हणूनच यावलच्या जंगलात प्राणी शोधण्यापूर्वी त्यांच्या खुणा वाचायला शिकावे लागते.

रान वाचण्याची कला

सफारीची वेळ पहाटेची किंवा दुपार कलल्यानंतरची. सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास सर्वांत मोलाचे. या वेळी धुळीच्या रस्त्यावर रात्रीचा सगळा वावर उमटलेला असतो आणि एखादे वाहन जाऊन तो पुसला जाण्याआधी वाटाड्या तो वाचून दाखवतो. बिबट्याच्या ठशात नखे दिसत नाहीत, कारण तो चालताना ती आत ओढून घेतो. तरस आणि कुत्र्याच्या कुळातील प्राण्यांच्या ठशांत मात्र नखांच्या टोकांचे डाग उमटतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा लांबट असतो आणि त्यापुढे लांब नखांच्या खुणा असतात. पांढरी, खडूसारखी विष्ठा दिसली तर ती हाडे चघळणाऱ्या तरसाची. उकरलेले वारूळ आणि मोहाच्या खोडावरील ओरखडे अस्वलाची ये-जा सांगतात.

डोळ्यांइतकेच काम कानांना असते. वानरांच्या टोळीतील टेहळ्या उंच फांदीवरून खोकल्यासारखा आवाज काढू लागला, चितळाने तीक्ष्ण साद घातली किंवा भेकर कुत्र्यासारखे भुंकू लागले, तर जवळपास बिबट्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी वाहन थांबवून इंजिन बंद करावे आणि दहा-पंधरा मिनिटे शांत बसावे. बहुतेक पर्यटक येथेच चुकतात. आवाजाच्या दिशेने गाडी दामटली की प्राणी आडवाटेने निघून जातो. जो थांबतो, त्यालाच जंगल काही दाखवते.

वाहनाचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आत ठेवणे, हॉर्न न वाजवणे, वाहनातून खाली न उतरणे आणि भडक कपडे टाळणे हे नियम सर्वत्र सारखे आहेत. त्यांमागे केवळ शिस्त नाही. पानझडी जंगलात उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच उरतात. एखाद्या पाणवठ्याजवळ वाहन तासभर उभे राहिले तर तेवढा वेळ तहानलेली जनावरे झाडीत खोळंबून राहतात.

रानपिंगळा : खान्देशाने जगाला परत दिलेला पक्षी

खान्देशच्या जंगलाचे नाव जगभरच्या पक्षिअभ्यासकांना ठाऊक झाले ते एका लहानशा घुबडामुळे. रानपिंगळा हा पक्षी १८७३ मध्ये विज्ञानाला ज्ञात झाला. त्याचे जे थोडे नमुने संग्रहालयांत होते, त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खान्देशातूनच मिळवले होते. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये तो मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना प्रत्यक्षात एका संग्रहालयातून चोरून, त्यावरील माहिती बदलून सादर केलेला होता, असे पुढे उघड झाले. या खोट्या नोंदीमुळे अभ्यासक भलत्याच ठिकाणी पक्षी शोधत राहिले.

पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुन्यांची छाननी करून ही लबाडी उघडकीस आणली आणि जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे शोध पुन्हा सुरू केला. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी जिवंत दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर ते त्यात गेले. ११३ वर्षांनी सापडलेल्या या पक्ष्याच्या नोंदी पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि इतर काही जंगलांतही झाल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्री बाहेर पडत नाही. सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर बसून सरडे, सापसुरळ्या आणि उंदीर टिपणारा हा पक्षी दिवसाही दिसू शकतो. त्याला विरळ, खुले सागवान लागते. हेच त्याचे दुर्दैवही ठरते, कारण शेतीसाठी सर्वांत आधी साफ होते ते असेच सपाट, विरळ जंगल. छायाचित्रासाठी मोबाइलवर त्याची ध्वनिफीत वाजवून त्याला जवळ बोलावण्याची खोड काही हौशी लोकांना लागली आहे. प्रतिस्पर्धी आला, असे समजून पक्षी शिकार आणि पिले सोडून आवाजाकडे धाव घेतो. विणीच्या काळात याची किंमत पिलांना मोजावी लागते. सफारीला जाणाऱ्याने स्वतः हे टाळावेच, शिवाय सोबतच्या माणसालाही तसे करू देऊ नये.

अनेर आणि लळिंग : धुळ्याचे रान

धुळे जिल्ह्याचा मोठा भाग उजाड माळरानाचा असला तरी शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. तेथे अनेर नदीवरील धरणाभोवती सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे अनेर धरण अभयारण्य आहे. यावलच्या तुलनेत येथील झाडी विरळ. मात्र जलाशयामुळे हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि डोंगरउतारांवर भेकर, तरस, कोल्हा, ससा यांचा वावर असतो. पूर्वेकडील यावल आणि उत्तरेकडील मध्य प्रदेशातील जंगले यांच्या साखळीतील कडी म्हणून अनेरचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा मोठे आहे.

दिवसभराची सवड नसलेल्या धुळेकरांसाठी लळिंग आहे. शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेल्या फारुकी काळातील लळिंग किल्ल्याच्या आसपास कुरण आणि झाडोऱ्याचे क्षेत्र आहे. पावसाळ्यात येथील धबधबा वाहू लागतो. याच परिसरातील लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९३७ मध्ये मुक्काम केला होता. त्या स्मृतीनिमित्त दरवर्षी ३१ जुलै रोजी येथे हजारो लोक जमतात. किल्ल्याची चढण तासाभराची असल्याने मुलांना डोंगर आणि गवताळ रानाची पहिली ओळख करून देण्यासाठी ही जागा सोयीची ठरते.

पाटणादेवी आणि गौताळा : दक्षिणेची भ्रमंती

चाळीसगावहून १८ किलोमीटरवर पाटणादेवी आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे एकूण क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर. त्यातील मोठा हिस्सा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि उरलेला जळगाव जिल्ह्यात येतो. पाटणादेवी हे त्याचे खान्देशाकडील दार. तिन्ही बाजूंनी कडे, मधून डोंगरी नदीचा उगम आणि झाडीत लपलेले चंडिका देवीचे प्राचीन दगडी मंदिर, अशी ही जागा आहे.

येथे वाहनापेक्षा पायी फिरण्यात अधिक अर्थ आहे. केदारकुंड आणि धवलतीर्थ या धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटा, कन्हेरगडाची चढण, त्याच्या पोटातील जैन लेणी आणि डोंगर चढून पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांपर्यंतची चाल, यांपैकी एका दिवसात एक किंवा फार तर दोन गोष्टी नीट होतात. पितळखोऱ्यातील सर्वांत जुनी लेणी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. तेथे सापडलेली यक्षाची हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावरील लेखात ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचा उल्लेख आहे.

पाटण गावाचे नाव गणिताच्या इतिहासातही नोंदलेले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेल्या येथील शिलालेखानुसार, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ च्या सुमारास येथे मठ स्थापन केला. आज बिबट्याचा वावर असलेल्या या खोऱ्यात आठशे वर्षांपूर्वी ग्रहगणिताचे पाठ चालत होते.

मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाचे छायाचित्र आले. अनेक दशकांनंतर या अभयारण्यात वाघाची नोंद झाली होती. अंगावरील पट्ट्यांच्या आधारे तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आल्याचे स्पष्ट झाले. त्याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक तरुण वाघ १३०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. शेते, रस्ते, कालवे आणि गावे ओलांडत या वाघांनी जो मार्ग काढला, तो अजिंठ्याच्या डोंगरांतील तुकड्या-तुकड्यांच्या जंगलावरच उभा आहे.

मुक्ताई-भवानी : केळीतला वाघ

खान्देशात वाघाची कहाणी खऱ्या अर्थाने घडते ती मुक्ताईनगर तालुक्यात. वढोदा वनक्षेत्रातील चारठाणा, डोलारखेडा या परिसरात वाघांचा वावर वर्षानुवर्षे नोंदला गेला आहे. सुमारे १२२ चौरस किलोमीटरचे हे संवर्धन राखीव क्षेत्र मेळघाट आणि सातपुड्याच्या पश्चिमेकडील जंगलांना जोडणारा दुवा मानले जाते.

येथील वैशिष्ट्य असे, की वाघ केवळ जंगलात राहत नाही. पूर्णा नदीकाठच्या केळीच्या बागांत बारमाही सावली, ओलावा आणि लपण असते. रानडुकरे आणि रोही पिकांच्या मागे तेथे येतात आणि त्यांच्या मागे वाघ येतो. केळीची पाने कापायला पहाटे गेलेल्या मजुराला वाघाचा माग दिसणे ही येथे दंतकथा राहिलेली नाही. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह हा अशा ठिकाणी माणूस आणि वाघ या दोघांच्याही जिवावर बेतणारा धोका आहे.

म्हणूनच मुक्ताई-भवानीचा परिसर ‘वाघ पाहण्याचे ठिकाण’ म्हणून पर्यटकांनी मनात धरू नये. शेतरस्त्यांवर वाहने घालून वाघाचा शोध घेणे म्हणजे बागेत काम करणाऱ्या मजुरांना संकटात लोटणे होय. घेरला गेलेला वाघ ज्या दिशेला वाट मिळेल त्या दिशेला निघतो, आणि तेथे माणसे असू शकतात.

जंगल कोणाचे?

सफारीच्या वाटेवर पर्यटकाला पाडे लागतात. पावरा, बारेला, भिल्ल आणि पायथ्याच्या गावांतील तडवी समाज पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांत राहतो. मोहाची फुले, तेंदूपत्ता, चारोळी, डिंक यांवर त्यांच्या वर्षाचा एक भाग चालतो. होळीच्या आधी सातपुड्याच्या गावोगावी भरणारा भोंगऱ्या बाजार हा त्यांच्या आनंदाचा सर्वांत मोठा काळ.

यावलच्या जंगलात सागाची चोरटी तोड आणि वनजमिनीवरील अतिक्रमण ही जुनी दुखणी आहेत. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यांना अतिक्रमणदार ठरवले गेले, हेही तितकेच खरे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य केले. परंतु या तारखेनंतर झालेली तोड, बाहेरून आलेले लोक आणि प्रलंबित किंवा फेटाळलेले दावे यांतून वाद पेटत राहिले. वनरक्षक आणि पाड्यांतील माणसे एकमेकांसमोर उभी ठाकली, तर जंगलाचे भले होत नाही.

या कोंडीत पर्यटनाला लहान, पण खरी जागा आहे. पाड्यातील तरुण वाटाड्या म्हणून उभा राहिला, त्याच्या घरच्या ज्वारीच्या भाकरीला आणि चटणीला गिऱ्हाईक मिळाले, तर उभ्या झाडाला त्याच्या घरात किंमत येते. ठसे वाचण्याचे, आवाज ओळखण्याचे जे ज्ञान पुस्तकात मिळत नाही, ते त्याच्याजवळ असते. त्याउलट शहरातून गाडी, जेवण आणि वाटाड्या सगळेच घेऊन आलेला पर्यटक पाड्यासाठी मागे केवळ धूळ आणि प्लास्टिक ठेवून जातो. एका दिवसाच्या सहलीतही हा फरक पडतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात मुक्त प्रवेश नाही. पर्यटन, छायाचित्रण किंवा अभ्यासासाठी कलम २८ खाली परवाना घ्यावा लागतो. कलम ३० ने आग लावण्यास किंवा पेटती वस्तू सोडण्यास, कलम ३१ ने परवानगीविना शस्त्र बाळगण्यास आणि कलम ३२ ने घातक रसायने व स्फोटके नेण्यास मनाई आहे. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या पाचोळ्यात फेकलेली एक विडी संपूर्ण डोंगर जाळू शकते. त्यामुळे ‘चुलीवरची पार्टी’ हा प्रकार अभयारण्यात गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखालील सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ड्रोन उडवण्यासाठीही वनविभागाची स्वतंत्र परवानगी लागते.

धोके आणि दक्षता

या जंगलांत माणसाला सर्वाधिक धोका बिबट्यापासून नव्हे, तर अस्वलापासून संभवतो. त्याची नजर मंद असते. दाट झाडीत अचानक समोरासमोर गाठ पडली, की ते घाबरून हल्ला करते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात तेव्हा पहाटे मोहाच्या झाडाखाली माणूस आणि अस्वल एकाच वेळी येण्याची शक्यता असते. पायी चालताना हलक्या आवाजात बोलत राहावे, एकट्याने पुढे जाऊ नये.

कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. धूर, अत्तराचा उग्र वास आणि आरडाओरडा यांनी त्या उठतात. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोके व तोंड कापडाने झाकून शक्य तितक्या लांब निघून जावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप येथे आढळतात. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे टाळावे. तो अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष लस दिली जाते.

पावसाळ्यात डोंगरी नाले काही मिनिटांत फुगतात. वर डोंगरात झालेला पाऊस खाली धबधब्यात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीच्या अतिवृष्टीत कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली आणि तितूर-डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव परिसराला वेढले. पाणी गढूळ होऊ लागले किंवा त्यात पालापाचोळा वाहून येऊ लागला, की क्षणाचाही विलंब न करता प्रवाहाबाहेर यावे. उन्हाळ्यात प्रत्येकी किमान तीन-चार लिटर पाणी सोबत हवे, कारण वाटेतील झरे आटलेले असतात.

अडचणीच्या वेळी वनविभागाची मदतवाहिनी १९२६, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक उपयोगी पडतात. जंगलात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे नाक्यावर नोंदवूनच आत जावे.

कधी जाल? कसे जाल?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्व ठिकाणांसाठी उत्तम काळ. हवा थंड, पाणी भरपूर आणि स्थलांतरित पक्षी आलेले असतात. याच दिवसांत भुसावळजवळच्या तापीवरील हतनूर जलाशयावर पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. पालच्या सहलीला त्याची जोड देता येते. प्राणी दिसण्याच्या दृष्टीने मार्च ते मे हे महिने अधिक चांगले, परंतु ऊन सोसण्याची तयारी हवी. जुलै ते सप्टेंबर या काळात रान सर्वांत देखणे असते. यावल तालुक्यातील आडगावजवळच्या मनुदेवीचा धबधबा आणि पाटणादेवी परिसर तेव्हाच पाहावा. मात्र जंगलातील कच्चे रस्ते चिखलामुळे बंद असू शकतात.

पालसाठी भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन सोयीचे. सावदा आणि रावेर ही भुसावळ-खंडवा मार्गावरील स्थानके आणखी जवळची. पाटणादेवीसाठी मुंबई-भुसावळ मार्गावरील चाळीसगावला उतरावे. धुळ्याहूनही तेथे रेल्वेने येता येते. अनेरसाठी शिरपूर गाठावे. सर्वत्र एसटीची सोय असली तरी पहाटेची वेळ गाठायची तर स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन हवे. सफारीचे वाहन, वाटाडे आणि प्रवेशाच्या वेळा यांची चौकशी वनविभागाच्या कार्यालयात आदल्या दिवशीच करावी.

पालचा एक दिवस असा आखता येईल : पहाटे साडेचारला जळगाव सोडून साडेसहापर्यंत नाका, नऊ-साडेनऊपर्यंत वनरस्त्यांवरील फेरी, त्यानंतर पालमध्ये न्याहारी आणि विसावा. दुपारी गारबर्डीचा जलाशय, चारनंतर वाटाड्यासोबत छोटी पायी फेरी आणि सूर्यास्तापूर्वी जंगलाबाहेर. परतीच्या वाटेवर १९३६ च्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाचे फैजपूर लागते. हिवाळा असेल तर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांनी दिवसाची सांगता व्हावी.

पालच्या रस्त्यावर उमटलेला बिबट्याचा एखादा ठसा, अंजनाच्या फांदीवरचा रानपिंगळा किंवा गौताळ्यापर्यंत चालत आलेला टिपेश्वरचा वाघ, यांना जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. त्यांना ठाऊक असते ती केवळ झाडीची अखंड वाट. मेळघाटपासून अनेरपर्यंतची ही वाट आज जागोजागी विरली आहे, पण अद्याप तुटलेली नाही. ती जपण्याचे ओझे केवळ वनरक्षकाने वाहायचे, की पाड्यातील माणसाने आणि तेथे जाणाऱ्या पर्यटकानेही त्याला हात लावायचा, यावर खान्देशच्या पुढच्या पिढीला ही राने पाहायला मिळणार की नाही, हे ठरणार आहे.